वाचकांचे प्रश्न : निर्वासित विद्यार्थ्यांसाठी नाशिकमध्ये काय करता येईल?

प्रश्न : आमची शिक्षणसंस्था नाशिकमध्ये दोन महाविद्यालये आणि एक वसतिगृह चालवते. गेल्या वर्षी विश्वस्त मंडळाने ठराव करून दरवर्षी दोन निर्वासित विद्यार्थ्यांना पदवीची संपूर्ण फी माफ करण्याचे ठरवले. संकेतस्थळावर निवेदन दिले, स्थानिक वृत्तपत्रांत बातमीही आली. पण एकही अर्ज आला नाही. आता काही विश्वस्त म्हणतात की भारतात अशी गरजच नसावी. हे खरे आहे का? आणि भागीदारी करायची झाल्यास ती कोणाशी करावी?
— एक विश्वस्त, गंगापूर रोड

उत्तर : अर्ज आला नाही म्हणून गरजच नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका. यूएनएचसीआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचे आकडे पाहिले तर जगातील निर्वासित मुलांपैकी सुमारे ६५ टक्के मुले प्राथमिक शाळेत असतात, माध्यमिक शाळेत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास येते आणि उच्च शिक्षणापर्यंत, २०२४ च्या अहवालानुसार, अवघे ७ टक्के तरुण पोहोचतात. काही वर्षांपूर्वी हाच आकडा एक टक्का होता आणि २०३० पर्यंत तो १५ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. वाढ झाली आहे ती सरकारे, विद्यापीठे, देणगीदार आणि खुद्द निर्वासितांच्या संघटना एकत्र आल्यामुळे. एकट्या फीमाफीने ती कुठेही झालेली नाही.

तुमचा ठराव चांगला आहे, पण तो ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच त्यात नाही. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडून आलेला १९६७ चा पूरक करार यांवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार आणि इतर काही देशांतून आलेल्यांची नोंद यूएनएचसीआरकडे होते. निर्वासितांची कुटुंबे प्रामुख्याने दिल्ली, हैदराबाद, तमिळनाडू, मिझोराम अशा ठिकाणी राहतात. नाशिकच्या वृत्तपत्रातील बातमी दिल्लीतील एखाद्या अफगाण मुलीच्या वाचनात येण्याची शक्यता जवळजवळ नाही. समजा आली, तरी फी माफ झाल्यावर राहायचे कुठे, जेवायचे काय, प्रवासखर्च कोण देणार आणि घरातले कमावते माणूस तीच असेल तर घर कसे चालणार, हे प्रश्न तुमच्या निवेदनाने सोडवलेले नाहीत. शिवाय कागदपत्रांचा प्रश्न आहेच, आणि माझ्या मते बहुतेक विद्यार्थी तिथेच अडकतात.

काही वर्षांपूर्वी अशा एका विद्यार्थिनीची प्रवेशाची फाइल मी जवळून पाहिली. बारावीची गुणपत्रिका अफगाणिस्तानातील ‘दरी’ या भाषेत होती, तीही मूळ नव्हे, मोबाइलवर काढलेला तिचा फोटो. उत्तीर्ण होण्याचे वर्ष १३९८, कारण अफगाणिस्तानात सौर हिजरी दिनदर्शिका चालते. नावापुढे वडिलांचे आणि आजोबांचे नाव होते. आडनाव नव्हते, कारण तिकडे अनेक कुटुंबे ते लावतच नाहीत. आपल्या ऑनलाइन अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता, वर्षांच्या यादीत १३९८ सापडणार नव्हते आणि शाळा सोडल्याचा दाखला अपलोड केल्याखेरीज पुढचे पान उघडत नव्हते. तिची गुणवत्ता तपासण्याची वेळच आली नाही. तिच्याबरोबर एका स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती होती म्हणून ते प्रकरण पुढे सरकले. तिने गुणपत्रिकेचे अधिकृत भाषांतर करून घेतले, वर्षाचा मेळ लावणारे पत्र मिळवले आणि अर्ज कागदावर स्वीकारावा, अशी लेखी परवानगी कार्यालयाकडून आणली. भागीदारी म्हणतात ती याला. सह्यांच्या कार्यक्रमाचे छायाचित्र नंतर काढले तरी चालेल.

जिथे हे काम जमले आहे तिथे प्रत्येकाने आपल्याकडे असलेली आणि दुसऱ्याकडे नसलेली गोष्ट दिली आहे. कॅनडातील वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ही संस्था १९७८ पासून निर्वासित विद्यार्थ्यांना विद्यापीठांत आणते. सरकार कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना देते, विद्यापीठ फी आणि निवासाचा भार उचलते, आणि अनेक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्याच्या वार्षिक शुल्कात या कामासाठी एक छोटी रक्कम धरलेली असते, जी त्या विद्यार्थ्यांनीच मतदान करून मान्य केलेली असते. नव्याने आलेल्या मुलाला बँकेत खाते उघडून देण्यापासून हिवाळ्याचे कपडे घेऊन देण्यापर्यंतची कामे विद्यार्थ्यांची स्थानिक समिती करते. या मार्गाने दोन हजारांहून अधिक तरुण विद्यापीठांत पोहोचले आहेत. एखाद्या उद्योगपतीच्या मोठ्या देणगीपेक्षा हजारो विद्यार्थ्यांची छोटी वर्गणी मला अधिक भरवशाची वाटते, कारण ती दरवर्षी येते. जर्मन सरकारच्या पैशातून १९९२ पासून चालणारी डाफी ही शिष्यवृत्ती वेगळ्या पद्धतीची आहे. ती विद्यार्थ्याला युरोपात नेत नाही. ज्या देशात त्याने आश्रय घेतला आहे तिथल्याच विद्यापीठात शिकण्यासाठी फी, पुस्तके आणि राहण्याचा खर्च देते.

केनियातील दादाब छावणीचे उदाहरण तुमच्या विश्वस्तांनी नीट अभ्यासावे. तिथल्या शाळांत शिकवणारे बरेचसे तरुण स्वतः निर्वासित होते आणि त्यांनी शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. केनियातील केन्याटा आणि मोई, कॅनडातील यॉर्क आणि ब्रिटिश कोलंबिया ही विद्यापीठे एकत्र आली आणि २०१३ पासून त्यांनी या शिक्षकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पदवीचे वर्ग एकदम सुरू झाले नाहीत. आधी इंग्रजी, संगणक आणि अभ्यासाची पद्धत यांची पूर्वतयारी झाली, मग प्रमाणपत्र, मग पदविका आणि शेवटी पदवी. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र मान्यता असल्यामुळे मध्येच दुसऱ्या देशात पुनर्वसन झालेल्या किंवा मायदेशी परतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात काहीतरी उरत असे. निर्वासिताला पुढची तीन वर्षे एकाच गावात काढता येतील याची शाश्वती नसते, हे ध्यानात ठेवून आखलेले असे अभ्यासक्रम फार थोडे आहेत.

आपल्या देशातही यापेक्षा कमी शिकण्यासारखे नाही. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी मुलांसाठी भारत सरकारने १९६१ मध्ये स्वतंत्र शाळा प्रशासन उभे केले. भाषा आणि संस्कृतीची बाजू तिबेटी समाजाने सांभाळली. तमिळनाडूत एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४ मध्ये ‘ऑफर’ ही श्रीलंकेतील निर्वासितांची स्वतःची संघटना उभी केली. छावण्यांमध्ये संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेणे, महाविद्यालयीन प्रवेशासाठी सरकारकडे पाठपुरावा करणे, शिकलेल्या मुलांनी धाकट्यांना शिकवणे, ही कामे निर्वासितांनीच केली. आपल्या जवळचे उदाहरण द्यायचे तर फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत निर्वासित कुटुंबे राहिली होती, आणि मुंबईत सिंधमधून आलेले प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज आणि १९५४ मध्ये चर्चगेटला के. सी. कॉलेज उभे केले. संधी मिळाली की निर्वासित केवळ विद्यार्थी राहत नाहीत, ते संस्था उभ्या करतात, आणि त्यांत पुढे सगळ्यांची मुले शिकतात.

नाशिकचा स्वतःचा इतिहासही इथे सांगायला हवा, आणि तो दोन्ही बाजूंनी सांगायला हवा. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूर वसवले, आणि ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे ठेवून शिकवले जाऊ लागले. सरकार मुले सोपवत असे, मिशन त्यांना लेखन-वाचन, सुतारकाम, लोहारकाम शिकवत असे. तिथे शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेले ब्रिटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन झाले तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. पुढे मोंबासाजवळ फ्रेरटाउन ही वसाहत झाली तेव्हा नाशिकला शिकलेले अनेक जण तिकडे गेले. ही भागीदारी यशस्वी होती यात शंका नाही. मात्र त्या मुलांना धर्म आणि नवे नाव मिशनने दिले आणि शिकून कुठे जायचे, कोणते काम करायचे, हेही मिशननेच ठरवले. आज आपण असे काही उभारणार असू तर विद्याशाखा, भाषा, धर्म आणि पुढचे आयुष्य यांविषयीचा निर्णय विद्यार्थ्याचाच राहील, हे करारात लिहून ठेवा. आभारप्रदर्शनाच्या भाषणांसाठी त्याला व्यासपीठावर उभे करू नका.

आता तुम्ही काय करावे. पहिले पत्र यूएनएचसीआरच्या दिल्ली कार्यालयाला आणि त्यांच्याबरोबर दिल्लीत काम करणाऱ्या बॉस्को या संस्थेला लिहा, कारण विद्यार्थी कुठे आहेत आणि त्यांतील कोण पदवीसाठी तयार आहे हे त्यांना ठाऊक असते. श्रीलंकेतील तमिळ मुलांसाठी ‘ऑफर’शी बोला, तिबेटी मुलांसाठी गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या तिबेटी वसाहतीशी. जूनमधल्या प्रवेशासाठी हे काम आदल्या दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवे. मे महिन्यात जाग आली तर त्या वर्षी काहीही होणार नाही. ज्यांची बारावी अर्धवट राहिली त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ती पूर्ण करता येते. पदवीसाठी रोज वर्गात बसणे शक्य नसेल तर दूरशिक्षणाचा मार्ग आहे आणि त्या विषयातले जाणकार तुमच्या गावातच आहेत, कारण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमध्ये आहे. त्यांचे अभ्यासक्रम बहुतांशी मराठीतून असल्याने ते प्रत्येकाला सोयीचे ठरणार नाहीत, पण दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासात टिकवून कसे ठेवायचे, हे त्यांच्याकडून शिकता येईल.

दोन विद्यार्थ्यांऐवजी एकच घ्या, परंतु त्याची वसतिगृहाची जागा, मेस, पुस्तके, प्रवास आणि आजारपणाचा खर्च तीन वर्षांसाठी बाजूला काढून ठेवा. पहिले सहा महिने ते वर्ष इंग्रजीच्या आणि विषयाच्या पूर्वतयारीसाठी द्या. कार्यालयातील एका व्यक्तीला लेखी आदेशाने या कामाची जबाबदारी द्या आणि ती व्यक्ती बदलली तर काम कोणाकडे जाईल तेही त्याच आदेशात नमूद करा. परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशाची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे, म्हणून त्या कार्यालयाशी आधीच बोला. केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये काढलेल्या कार्यपद्धतीनुसार निर्वासित म्हणून दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेल्या व्यक्तीला शैक्षणिक संस्थेत शिकता येते, ही गोष्ट पुष्कळ महाविद्यालयांच्या कार्यालयांत माहीत नसते. हा खर्च तुमच्या ट्रस्टच्या उद्देशांत बसतो का, हे सनदी लेखापालांकडून तपासून घ्या, आणि पैसा परदेशातून येणार असेल तर परदेशी देणग्यांसंबंधीच्या कायद्याखाली नोंदणी असल्याखेरीज एक रुपयाही स्वीकारू नका.

प्रश्न : मी नाशिकमधील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळेजवळच्या बांधकामावर राहणारे एक कुटुंब म्यानमारमधून आल्याचे सांगते. त्यांची मुलगी साधारण दहा वर्षांची आहे आणि कधीच शाळेत गेलेली नाही. जन्मदाखला नाही, आधार कार्ड नाही. मुख्याध्यापक चांगले आहेत, पण पुढे काही चौकशी झाली तर काय, या काळजीने ते प्रवेश देत नाहीत.
— एक शिक्षिका, सातपूर

उत्तर : मुख्याध्यापकांची काळजी समजण्यासारखी आहे, पण कायदा त्यांच्या बाजूने आहे, त्यांनी फक्त तो उघडून वाचावा. राज्यघटनेचे कलम २१-अ आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या ‘मुलां’विषयी बोलतात, तिथे नागरिकत्वाची अट नाही. कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे असते आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. म्हणजे या मुलीला पहिलीत बसवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की या मुलांनी सरकारी शाळांकडे थेट प्रवेश मागावा आणि तो नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी.

पालकांकडून साध्या कागदावर अर्ज घ्या, वयाबद्दल त्यांचे स्वयंघोषणापत्र जोडा, जनरल रजिस्टरमध्ये नोंद करा आणि आधार क्रमांक नसल्यामुळे सरल प्रणालीतील नोंद अडत असेल तर तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांना किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाला लेखी कळवून पोच घ्या. संगणकातील नोंद रखडली म्हणून मुलीने वर्गाबाहेर थांबायचे कारण नाही. कुटुंबाच्या वास्तव्याची वैधता तपासणे हे शाळेचे काम नाही आणि शिक्षकाने ते अंगावर घेऊही नये.

तिला कोणती भाषा समजते हे आधी पाहा. हिंदी किंवा उर्दू कळत असेल तर त्या माध्यमाची शाळा जवळ आहे का याचा विचार करा. नसेल तर मराठीतच शिकवा, मुले भाषा लवकर उचलतात. शेजारी बसायला एक बडबडी, मायाळू मैत्रीण द्या. आणि ती कुठून आली, काय सोसले, हे वर्गासमोर कधीही विचारू नका. सांगावेसे वाटेल तेव्हा ती तुम्हाला सांगेल. बांधकाम संपले की कुटुंब हलेल, तेव्हा त्यांनी मागण्याची वाट न पाहता शाळा सोडल्याचा दाखला हातात द्या. तिच्या आयुष्यातला तो पहिला अधिकृत कागद असू शकतो, आणि पुढची प्रत्येक शाळा तोच मागणार आहे.

प्रश्न : पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील आमच्या मुलांना बारावीनंतर नाशिकमध्ये राहायला जागा मिळत नाही, मुली तर घरीच बसतात. असे असताना बाहेरच्या देशातील मुलांसाठी पैसा आणि वसतिगृह वापरणे कितपत योग्य आहे?
— एक पालक, सुरगाणा

उत्तर : तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून या विषयावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असूनही इथल्या आदिवासी मुलीला वसतिगृहासाठी खेटे घालावे लागत असतील तर ती आपल्या सगळ्यांची नामुष्की आहे. तुमच्या मुलांसाठी राखीव असलेली एकही जागा, एकही रुपया दुसरीकडे वळता कामा नये. त्याविषयी माझ्या मनात संदिग्धता नाही.

निर्वासितांसाठी केलेल्या व्यवस्थेचा लाभ आसपासच्या समाजालाही मिळावा, हे तत्त्व आता जगभर मान्य झाले आहे. २०१८ च्या जागतिक निर्वासित संकल्पपत्रात ते आहे. युगांडात निर्वासितांच्या नावाने येणाऱ्या मदतीतील साधारण ३० टक्के वाटा स्थानिक लोकांच्या सोयींसाठी वापरावा, असा दंडक आहे आणि वसाहतींमधल्या शाळांत दोन्हीकडची मुले एकत्र बसतात. वर ज्या विश्वस्तांना उत्तर दिले आहे त्यांनाही माझे हेच सांगणे आहे की पूर्वतयारीचा वर्ग काढाल तो एका परदेशी विद्यार्थ्यासाठी काढू नका. इंग्रजीची भीती, घरात कोणीच महाविद्यालयात न गेल्यामुळे येणारे एकटेपण, अर्जातले न समजणारे रकाने, हातात पैसे नसल्याने नोव्हेंबरमध्ये सुटणारे शिक्षण, या अडचणी सुरगाण्याच्या मुलीच्याही आहेत. त्या एका वर्गात तुमच्या भागातील वीस मुले आणि तो एक निर्वासित विद्यार्थी सहज बसतील, आणि जबाबदारीने नेमलेली ती एक व्यक्ती सगळ्यांच्याच कामाची असेल. अशा भागीदारीत तुमच्या ग्रामपंचायतीचा किंवा पालक संघाचा प्रतिनिधी समितीवर असावा, अशी मागणी तुम्ही करा. ती मान्य न करणाऱ्या संस्थेच्या हेतूबद्दल मलाही शंका येईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निर्वासित मुलांना ऑनलाइन शिकवण्याची आमच्या काही मित्रांची इच्छा आहे. कशी सुरुवात करावी?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : स्वतःचा नवा गट आणि नवे नाव काढण्याआधी या मुलांबरोबर आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला ईमेल करा आणि तुम्ही कोणता विषय, आठवड्यातून किती तास आणि किती महिने शिकवू शकता, एवढेच स्पष्ट लिहा. गणित आणि इंग्रजी यांना सर्वाधिक मागणी असते. तुमच्या सत्र परीक्षांच्या काळात वर्ग कोण घेणार हे आधीच ठरवा, कारण या मुलांच्या आयुष्यात माणसे अचानक निघून जाण्याचे प्रसंग आधीच पुष्कळ आले आहेत. वर्गाचे स्क्रीनशॉट समाजमाध्यमांवर टाकू नका. काही कुटुंबांचे नातेवाईक अजून मायदेशात आहेत आणि एका छायाचित्राने त्यांना धोका होऊ शकतो. पुष्कळ घरांत एकच मोबाइल असतो आणि तो वडील कामावरून परतल्यावरच मुलांच्या हाती लागतो, म्हणून वर्ग रात्री आठनंतर ठेवा आणि धडा ध्वनिमुद्रित करून कमी डेटात उघडेल अशा स्वरूपात पाठवा.